तेल सुटलेले भुंगे

संग्रहालयात त्यांना सगळे टाचणीकाका म्हणत. एका पहारेकऱ्याचा अपवाद. तो त्यांच्याच वयाचा, त्यांच्याबरोबरच नोकरीला लागलेला, त्यामुळे तो सरळ "टाचण्या" अशी हाक मारायचा आणि काकाही ओ द्यायचे.

काम म्हटलं तर एवढंसं. मेलेल्या किड्याला टाचणी मारायची, पाय नीट मांडायचे, मिशा पुढे घ्यायच्या, वाळला की पेटीत लावायचा. ऐकायला सोपं, पण करायला बसलं की घाम फुटतो. भुंग्याला टाचणी मधोमध मारत नाहीत. पाठीवर दोन ढाली असतात, त्यातल्या उजव्या ढालीतून, जरा वरच्या अंगाला मारतात. डावी कोरी ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याला निदान एक बाजू तरी धड मिळते. जोर जरा जास्त झाला की भुंग्याचे दोन तुकडे, आणि कमी पडला की तो टाचणीवर भोवऱ्यासारखा गरगरतो. काकांचा हात असा बसलेला की टाचणी मारताना ते खिडकीबाहेर बघत पहारेकऱ्याशी गप्पा मारायचे.

त्यांच्या वाट्याला आलेली कपाटं मात्र खाष्ट होती. ती फोडभुंग्यांची. फोडभुंगा म्हणजे फुलं खाणारा, लांबट, काळ्या पाठीवर पिवळे पट्टे मिरवणारा किडा. दिसायला नवरदेव, स्वभावाने विंचू. हात लावला की गुडघ्यातून पिवळं पाणी सोडतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोटावर टपोरा फोड. मेला तरी त्याचं विष मरत नाही. एकदा कुणी बडे पाहुणे संग्रहालय बघायला आले होते. त्यांना तो पट्ट्यापट्ट्यांचा भुंगा इतका आवडला की कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी एक उचलून विजारीच्या खिशात टाकला. दोन दिवसांनी त्यांच्याकडून खरमरीत विचारणा आली, तुमच्या इमारतीत कसला रोग आहे म्हणून. मांडीवर हातभर फोड उठले होते. तेव्हाच्या थोरल्या साहेबांनी शांतपणे उत्तर धाडलं, "रोग नाही. आमचा एक भुंगा कमी भरतो आहे. कृपया परत करावा."

हे थोरले साहेब म्हणजे भुंग्यांना नावं देणारा माणूस. पट्टा रुंद दिसला की एक नाव, पट्टा तुटून ठिपके झाले की दुसरं, ढालीचं टोक काळं असलं की तिसरं. पेन्सिलीला टोक काढत बसायचे आणि भुंग्याशी बोलायचे. "आपण कोण? आपण कुठले?" असं आदराने विचारायचे. माणसांशी मात्र तुसडे. काकांना त्यांचा पहिल्या दिवसाचा हुकूम होता, "तेलकट भुंगा मला पेटीत नको."

तेलकट म्हणजे काय, तर काही किड्यांच्या पोटातली चरबी मेल्यावर वितळते आणि हळूहळू अंगभर पसरते. पिवळा पट्टा काळपट, ओला दिसायला लागतो. कामाच्या भाषेत त्याला तेल सुटलं म्हणतात. पेट्रोलमध्ये धुतला की तेल निघतं, पट्टे परत उमटतात. पण शेतातून बरण्याच्या बरण्या भरून येत असताना एकेक भुंगा कोण धूत बसणार? काका बरणी ताटलीत उलटी करायचे, चिमट्याने स्वच्छ पट्टेवाले एकीकडे घ्यायचे आणि डागाळलेले पत्र्याच्या डब्यात टाकायचे. डबा भरला की तो टेबलाखाली जायचा आणि नवा डबा सुरू व्हायचा. कचऱ्यात टाकायची सोय नव्हती. एखादं कुत्रं किंवा कोंबडी खायची आणि जिवानिशी जायची.

आता काकांच्या बायकोचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन ठेपतं.

दोन खोल्यांच्या बिऱ्हाडामागे हातभर जागा होती. तिथे तिने भोपळ्याचा वेल चढवला होता. एक दिवस वेलावरची फुलं कुरतडलेली दिसली. तिने फुलात बसलेला चोर चिमटीत धरला, काड्यापेटीत कोंबला आणि नवरा घरी आल्यावर त्याच्यापुढे आपटला.

"हा तुमच्यातला दिसतोय. माझी फुलं खातोय. घेऊन जा आणि कपाटात कोंडा मेल्याला."

"हाताने धरलास?"

"मग काय त्याला आमंत्रण देऊ?"

दुसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही बोटांवर फोड होते आणि तिकडे साहेबांच्या भिंगाखाली तो भुंगा. जवळजवळ सगळाच काळा. मधल्या पट्ट्याच्या जागी दोन गोल ठिपके आणि टोकाशी पिवळ्याची नुसती खूण. साहेबांनी त्याच वेलावरून आणखी आणवले, तेही तसेच निघाले. महिनाभर त्यांनी भुंग्याला "आपण कोण?" विचारलं आणि मग ठरवलं की ही प्रजाती नवी आहे. सापडली कुणाला? टाचणीकाकांच्या बायकोला. मग बाईमाणसाच्या नावाला लॅटिनमध्ये जे शेपूट लावतात ते तिच्या नावाला लावून साहेबांनी त्या प्रजातीला नाव दिलं. पहिल्या भुंग्याच्या टाचणीवर, ज्या नमुन्यावरून प्रजातीला नाव पडलं त्याला लावतात तशी, लाल चिठ्ठी. भुंग्याला स्वतंत्र खण, आणि खणावर छापील पट्टी.

काका धावत घरी आले सांगायला. ती भांडी घासत होती. सगळं ऐकून तिने पदराला हात पुसले.

"म्हणजे शिवलं की फोड येतो, त्या किड्याला माझं नाव?"

"हो."

"साहेबांनी मला कधी पाहिलं नाही ना?"

"नाही."

"मग एवढं बरोबर कसं ओळखलं हो?"

पुढे महिनाभर ती शेजारणींना सांगत सुटली होती, "माझ्याशी जरा जपून बरं का. मी छापून आलेय."

ती फार जगली नाही. छातीत पाणी झालं. इस्पितळाच्या लांबलचक दालनात, खिडकीपासून दूरच्या खाटेवर, ती आठवडेच्या आठवडे बसून झोपली, कारण आडवं झालं की श्वास लागायचा. काका कामावरून थेट तिथे जायचे. "तुमच्या अंगाला डांबरगोळ्यांचा वास येतो, जरा लांब बसा," म्हणायची, आणि लांब बसले की हात पुढे करायची. गेली तीही बसूनच. नर्सला वाटलं डोळा लागला.

ती गेल्यावर कळलं की घरात तिचा एकही धड फोटो नाही. लग्नातल्या फोटोत कुणाचा तरी हात तिच्या तोंडाआड आलेला. ती शाळेत गेली नव्हती. भाडेपावती नवऱ्याच्या नावाची, वीजही त्याच्याच नावाची. इस्पितळाचे कागद लेकीने रागाच्या भरात फाडून टाकले. राहता राहिली ती खणावरची पट्टी. काका रोज सकाळी कपाट उघडून ती पट्टी फडक्याने पुसायचे. त्यावर धूळ बसायचं काही कारण नव्हतं, खण बंद कपाटात होता. पण पुसायचे.

लेक शिवणाच्या कारखान्यात कापड कापायची. लग्नाचा विषय काढला की कात्री दाखवायची. ती कधी संग्रहालयात आली नाही. "आईला कपाटात बघायचं नाही मला," म्हणायची. पण घरी कुणी पाहुणा आला की तीच आधी सांगायची, "माझ्या आईच्या नावाचा भुंगा आहे, माहितीये?"

थोरले साहेब गेले. त्यांच्या जागी बाई आल्या. वयाने लेकीएवढ्या, पायात कापडी बूट, बोलणं मऊ आणि काम वाघिणीचं. त्यांनी आल्या आल्या एक उद्योग केला. साहेबांनी वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या खणांत घातलेले सगळे फोडभुंगे बाहेर काढले आणि लांब टेबलावर एका ओळीत मांडायला घेतले. एका टोकाला सर्वांत पिवळा, दुसऱ्या टोकाला सर्वांत काळा. शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन भुंग्यांत फरक शोधावा लागायचा. ओळीची दोन टोकं पाहिली तर यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं शपथेवर सांगितलं तरी पटलं नसतं.

"काका, हे बघा," बाई दाखवायच्या. "इथे पट्टा अख्खा आहे. पुढच्यात मधे जरा दबलाय. त्याच्या पुढच्यात दबून तुटलाय. मग ठिपके. कुठे रेघ मारणार? साहेबांनी इथे मारली, इथे मारली आणि इथे. पण ही सगळी एकच प्रजाती आहे."

"आणि हा एवढासा? आणि तो अंगठ्याएवढा?"

"एका आईची दोन लेकरं असू शकतात. यांची अळी मातीत टोळाची अंडी खाऊन वाढते. एकीला भरपूर मिळाली, ती दांडगी. दुसरीची उपासमार झाली, ती किरकोळ. नाव वेगळं कशाला द्यायचं?"

साहेबांची नावं एकामागून एक पडू लागली. बाई एक पट्टी काढायच्या आणि काका ती हातात घ्यायचे. शेवटी साहेबांचं एकच नाव उरलं. त्या नावाच्या अलीकडे ओळीत मोकळी जागा होती. पट्टे तुटलेले भुंगे एका बाजूला संपत होते, दुसऱ्या बाजूला ती काळी मंडळी सुरू होत होती, आणि मधे कुणीच नव्हतं.

"तुमच्या घरचं नाव राहील असं दिसतंय," बाई म्हणाल्या. त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. "पण एक विचारते, नीट आठवून सांगा. इतकी वर्षं सगळे भुंगे तुमच्या हातून गेलेत. या दोघांच्या मधला, धड हाही नाही आणि तोही नाही, असा कधी दिसला?"

"नाही, बाई."

"नक्की?"

"दिसला असता तर मी लावला असता की."

"मग मी तसंच लिहिते. ज्या माणसाने हा सगळा संग्रह लावला, त्याने मधला भुंगा कधी पाहिलेला नाही."

काका घरी गेले ते हवेत. लेकीने सगळं दोनदा वदवून घेतलं आणि जेवायला गोड केलं. "म्हणजे आता आईला कोणी हलवत नाही," ती म्हणाली.

त्याच सुमारास खोल्यांना रंग द्यायचं निघालं. टेबलाखालचे डबे हलवा, नको असेल ते जाळा, असा निरोप आला. मागच्या अंगणात पहारेकऱ्याने पालापाचोळ्याचा ढीग पेटवला आणि काका एकेक डबा आणून ओतायला लागले. दोघे वाऱ्याच्या उलट्या अंगाला, तोंडाला रुमाल बांधून उभे. भुंगे तडतडत होते.

"टाचण्या, आयुष्यभर मारलेस ते मारलेस, आता सरणही तूच रचतोयस."

"मी कुठे मारले? मी फक्त टाचले."

"वर गेल्यावर हेच सांग. बघू ऐकतात का."

शेवटच्या डब्याचं झाकण गंजून बसलं होतं. काकांनी दगडावर आपटलं तसं ते एकदम सुटलं आणि मूठभर भुंगे फरशीवर सांडले. काकांनी सवयीने खिशातला चिमटा काढला आणि खाली बसून एकेक उचलायला लागले. दुपारचं तिरपं ऊन फरशीवर पडलं होतं. खोलीतल्या उत्तरेच्या खिडकीतून असं ऊन कधी येत नसे.

एका भुंग्याचा मधला पट्टा काळवंडलेला. तेल सुटलेलं. दोन्ही कडांना पिवळं आणि मधे काळी झाक. काकांनी तो आगीकडे नेला आणि हात तिथेच थांबला.

झाक दोन्ही ढालींवर होती. उजव्या ढालीवर जिथे सुरू होत होती तिथेच डाव्या ढालीवरही. संपतही तिथेच होती. जसं काही कापड घडी घालून रंगात बुडवावं आणि उलगडावं.

तेल असं पसरत नाही. तेल जिथून वाट मिळेल तिथून वाहतं, एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. दोन्ही बाजूंना मापात पसरणारं तेल काकांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी दुसरा उचलला. तोही तसाच, फक्त काळं जरा जास्त. तिसऱ्याचा पट्टा मधोमध पुसला जाऊन कडेला दोन गोल उरलेले, कडा विरलेल्या.

"काय रे? जिवंत निघाला की काय?" पहारेकऱ्याने विचारलं.

काकांनी वळून आगीकडे पाहिलं. आगीत आधीचे सगळे डबे गेले होते. त्यात किती तेलाचे होते आणि किती हे असे, ते आता धुरालाच ठाऊक. साहेबांनी पेटीत मागितले स्वच्छ, आणि काकांनी दिले स्वच्छ. एकीकडे पट्टेवाले, एकीकडे काळे. मधले सगळे टेबलाखाली. ओळीतली ती मोकळी जागा निसर्गात नव्हतीच. ती काकांच्या चिमट्याने पडली होती.

खिशात काड्यापेटी होती. काड्या पहारेकऱ्याच्या हातावर ओतून त्यांनी फरशीवरचे भुंगे पेटीत भरले आणि ती बंद केली. डब्याच्या तळाशी उरलेले बघायचं मात्र त्यांच्याने झालं नाही. पहारेकऱ्याने डबा उचलून ओतला.

"धूर लागला का डोळ्यांत? रुमाल वर घे."

संध्याकाळी लेक आली तेव्हा काका मोरीजवळ बसले होते. समोर काचेची वाटी, वाटीत पेट्रोल, पेट्रोलमध्ये भुंगे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी डब्यातला भुंगा धुवायला घेतला होता.

"बाबा, घर पेटवायचंय का? कसला वास हा?"

काकांनी एक भुंगा काढून टीपकागदावर ठेवला. फुंकर घातली. वाळला. काळं होतं तिथेच होतं.

लेक कापड कापणारी. तिला नक्षी दिसली की ती मनात घडी घालून बघायची. ती खाली बसली, बघत राहिली, आणि काकांनी एक शब्द सांगायच्या आधी तिला कळलं.

"हे मधले आहेत."

"हो."

"अजून कुणी पाहिलेत?"

"नाही."

"मग आज दुपारी ते जळालेत, बाबा. तुम्ही सगळे डबे जाळायला नेले होते. सगळे जळाले."

काकांनी दुसरा भुंगा काढून टीपकागदावर ठेवला.

"तुमची बाई काय, उद्या दुसरीकडे जाईल, दुसरी ओळ मांडेल. तिचं काय जातंय? आईचं दुसरीकडे कुठे नाव आहे, सांगा ना. कुठे आहे?"

"कुठे नाही."

"मग?"

"मी नाही म्हणालो त्यांना. माझ्या शब्दावर त्या लिहिणार आहेत."

"तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं! खोटं कुठे बोललात?"

"आता माहीत आहे."

"उद्या तुमचं डोकं दुखू दे," लेक म्हणाली. "जाऊच नका. परवापर्यंत त्या लिहून पाठवतील. मी तुम्हाला कधी काही मागितलं का?"

मागितलं नव्हतं, खरंच. आई गेल्यापासून तिने बापाकडे चपलांचा जोडसुद्धा मागितला नव्हता. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे केला, तर तिने डोकं बाजूला घेतलं. "पेट्रोलचा हात लावू नका," म्हणाली आणि उठून गेली. त्या दिवशी चूल पेटली नाही.

सकाळी काका नेहमीच्या वेळेला कामावर गेले. बाई आल्या नव्हत्या. काकांनी भुंगे ओल्या वाळूच्या डब्यात ठेवून नरम केले, पाय मांडले, मिशा पुढे घेतल्या आणि उजव्या ढालीतून, जरा वरच्या अंगाला, एकेक टाचणी मारली. पहिल्यांदाच त्यांचा जोर जास्त झाला आणि एका भुंग्याची ढाल तडकली. मग त्यांनी एक भुंगा ओळीतल्या मोकळ्या जागेत लावला. त्याच्यापुढे दुसरा. त्याच्यापुढे तिसरा. भुंगे पुरले. ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग झाली.

बाई आल्या, टेबलापाशी थांबल्या, वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या.

"कुठे होते हे?"

"टेबलाखाली. तेलकट म्हणून टाकत आलो. धुऊन बघितले, तेल नाही."

"काका, हे तुम्ही दाखवलं नसतंत तर..."

"ते नका बोलू," काका म्हणाले. "आता काय करायचं ते सांगा."

काय करायचं ते दोघांनाही ठाऊक होतं. काळे भुंगे स्वतंत्र खणात परत न नेता ओळीच्या शेवटालाच ठेवायचे. लाल चिठ्ठी टाचणीवरून निघत नाही, तसा नियमच आहे. खणाची पट्टी मात्र काढायची.

"नाव अगदी पुसलं जात नाही," बाई हळूच म्हणाल्या. "मूळ नावाच्या खाली राहतं. बारीक अक्षरात. हेही तेच, असं लिहून."

"ते खालचं कोण वाचतं?"

बाई खोटं बोलू शकल्या असत्या. "फारसं कुणी नाही," त्या म्हणाल्या.

पट्टी काकांनीच काढली. गोंद जुना, इतका घट्ट बसलेला की पातं घालून खरवडावी लागली. अख्खी निघाली नाही.

लेक आठवडाभर बोलली नाही. ताट वाढायची आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवायची. मग एक दिवस दुपारीच, कारखान्यातून अर्धी सुट्टी काढून, संग्रहालयाच्या मागच्या दारात येऊन उभी राहिली. पहारेकऱ्याने ओळखलं नाही. "कुणाकडे?" त्याने विचारलं.

"आईकडे," ती म्हणाली.

काका तिला आत घेऊन गेले. रंगाचा वास होता, कपाटं भिंतीपासून ओढलेली होती. ओळ अजून टेबलावरच होती. लेकीने पिवळ्या टोकापासून बघायला सुरुवात केली. कपडा तपासावा तशी एकेक भुंग्यावरून नजर फिरवत, पाऊल पाऊल सरकत ती काळ्या टोकाशी पोचली.

"यातली आई कुठली?"

काकांनी बोट पुढे केलं आणि ते हवेतच राहिलं. इतकी वर्षं खण उघडला की ती समोरच असायची, वेगळी, एकटी. आता तिच्या अलीकडे तशीच, पलीकडे तशीच. चिठ्ठ्या भुंग्यांच्या पोटाखाली, ती लालही वरून दिसत नव्हती. काकांनी भिंग डोळ्याला लावलं, वाकले, एका भुंग्यापाशी थांबले, मान हलवून पुढच्याकडे गेले.

"बाबा?"

"थांब," काका म्हणाले. "इथेच असेल. शोधतोय."